जळालेल्या मोटरी परत येतात तेव्हा

सबमर्सिबल पंपाच्या धंद्यात विक्रीचा हंगाम आणि परतीचा हंगाम एकाच वेळी येतो. फेब्रुवारीपासून विहिरींचं पाणी खाली जायला लागतं, बोअरमधली मोटर आणखी दोन पाइप खाली सोडली जाते, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) भार वाढतो आणि व्होल्टेज पडतं. नव्या मोटरींना मागणी याच दिवसांत असते आणि जुन्या जळतात त्याही याच दिवसांत. कारखान्यातली सगळी माणसं नवा माल बाहेर काढायच्या मागे असतात. परत आलेल्या मालाकडे बघायला माणूस मिळत नाही, जागा मिळत नाही, आणि त्याचं ऐकून घ्यायलाही कुणी नसतं.

मी कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंप कारखान्यात काम करते. माझं मूळ काम उत्पादनाच्या नियोजनाचं. परतीच्या मालाचं काम माझ्याकडे आलं ते एका साध्या प्रश्नामुळे. विक्री वाढत होती, पण बँकेतली शिल्लक त्या मानानं वाढत नव्हती. मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, ‘परत येणाऱ्या मालावर आपला किती पैसा जातो, ते मला एका कागदावर लिहून पाहिजे.’

तो एक कागद तयार व्हायला बरेच आठवडे गेले, कारण हा खर्च आमच्या हिशोबात कुठेच एका नावानं नांदत नव्हता. परत येणाऱ्या मालाचं भाडं ‘वाहतूक’ खात्यात, विक्रीच्या भाड्यात मिसळलेलं. रिवायंडिंगची, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरायची, मजुरी उत्पादनाच्या मजुरीत. दुरुस्तीला लागलेली तार, बुश, थ्रस्ट बेअरिंग (मोटरीच्या तळाशी भार पेलणारं बेअरिंग) हे सगळं स्टोअरमधून नव्या मालाच्या नावावर उचललेलं. त्यामुळे कागदावर नवी मोटर होती त्यापेक्षा महाग दिसायची आणि दुरुस्ती जवळजवळ फुकट होत असल्यासारखी वाटायची. बदलून दिलेल्या मोटरी कधी ‘डिस्काउंट’मध्ये, कधी ‘विक्री वाढ’ या खात्यात. हे कुणी लपवण्यासाठी केलं नव्हतं. ज्या खात्यात बसेल त्या खात्यात ते बसवलं गेलं होतं.

पण सगळ्यात मोठी रक्कम खर्चात नव्हतीच. ती येणे बाकीत होती. डीलरांच्या लेजरवर जुनी येणी साठत चालली होती. वसुलीच्या माणसानं फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘तुमच्याकडे माझ्या चार मोटरी पडल्यात. त्यांचा निकाल लावा, मग चेक पाठवतो.’ एका मोटरीच्या वादापायी अख्ख्या गाडीचं बिल अडायचं. म्हणजे डिस्पॅच शेडमागे पत्र्याच्या आडोशाला धूळ खात पडलेल्या मोटरीची किंमत तिच्या किमतीएवढीच नव्हती. तिच्यामागे आमचं खेळतं भांडवल अडकत होतं आणि त्याच भांडवलासाठी आम्ही बँकेला कॅश क्रेडिटवर, म्हणजे फिरत्या कर्जावर, व्याज भरत होतो. हा संबंध कागदावर दिसल्यावर मोठ्या साहेबांनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला आणि म्हणाले, ‘हे काम आता तुम्हीच बघा.’

हिशोब झाल्यावर मी एका मोटरीच्या मागे उलट्या दिशेनं गेले. मोटर सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंबाच्या बागेतली होती. लाईट रात्रपाळीची, मोटरीला ऑटो लावलेला, मध्यरात्री लाईट आली तेव्हा मोटर सुरू झाली आणि पहाटे बंद पडली. शेतकऱ्यानं दुसऱ्याच दिवशी माणसं बोलावून, मोटर ओढायचा लोखंडी घोडा आणि चेन-पुली लावून मोटर वर काढली. त्या दिवशीच ती डीलरच्या दुकानात पोचली. इथपर्यंत सगळं झपाट्यानं झालं, कारण इथपर्यंतची घाई शेतकऱ्याची होती.

त्यानंतर मोटर थांबत थांबत आली. डीलर दोन-चार मोटरी साठल्याशिवाय पाठवत नव्हता, कारण एकेकटीचं भाडं परवडत नव्हतं. मग ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये मिरजेला पडून राहिली. मग आमच्या गेटवर, कारण सोबत चलन नव्हतं आणि सिक्युरिटीनं ती आत घ्यायला नकार दिला. मग यार्डात. मग तपासणी झाली, पण वॉरंटी मंजूर करायची सही ज्यांची, ते सर्व्हिस मॅनेजर बीड-लातूर भागात फिरतीवर होते. सही झाल्यावर वायंडिंग विभागानं मोटर दोन दिवसांत उभी केली. या सगळ्या प्रवासात सर्वांत कमी वेळ दुरुस्तीला लागला होता.

मी त्या शेतकऱ्याला भेटले तेव्हा त्यांनी तोवर कोइमतूरच्या एका कंपनीची नवी मोटर घेऊन बोअरमध्ये सोडलेली होती. ते रागानं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘मॅडम, मोटर चांगली होती तुमची. पण मे महिन्यात बाग आठ दिवस थांबत नाही.’ आमची दुरुस्त झालेली मोटर डीलरच्या दुकानात पोचली तेव्हा ती परत न्यायला कुणी आलं नाही. दुरुस्तीचा खर्च झाला, दोन्ही बाजूंचं भाडं गेलं, आणि गिऱ्हाईकही गेलं.

तेव्हा मला कळलं की खर्च कमी करण्याआधी वेळ कमी करायला हवा. कारखान्यातला पहिला विचार मात्र नेहमी उलटा असतो: क्लेम जास्त नाकारा, भाडं डीलरवर टाका, म्हणजे परतीचा खर्च कमी दिसेल. आमच्याही मीटिंगमध्ये हे सुचवलं गेलं. मी ठाम विरोध केला. मोटर परत येऊ दिली नाही म्हणून ती जळायची थांबत नाही. ती कुठे जळली, कशी जळली, हे फक्त आपल्याला कळत नाही.

वेळ कमी करायचा पहिला उपाय म्हणजे डीलरकडे आमच्या मालकीच्या राखीव मोटरी ठेवणं. सर्व्हिस विभागाची सूचना अशी होती की राखीव मोटर तात्पुरती द्यावी आणि शेतकऱ्याची दुरुस्त होऊन आली की अदलाबदल करावी. जतच्या एका डीलरनं हे ऐकल्याबरोबर हात जोडले. तीनशे फुटांवरची मोटर काढायची म्हणजे माणसं, पाइप, केबल, एक अख्खा दिवस. एकदा सोडलेली मोटर चांगली चालत असताना ती पुन्हा काढायला कोण तयार होईल? तेव्हा ठरलं की राखीव मोटर दिली ती दिली. ती पूर्वी रिवाइंड झालेली असेल तर तसं स्पष्ट लिहून द्यायचं, मूळ मोटरीची उरलेली वॉरंटी तिला लागू करायची, आणि शेतकऱ्याची सही घ्यायची. शेतकऱ्याची मूळ मोटर नुकतीच घेतलेली असेल तर राखीवही कोरीच द्यायची. ‘रिवायंडिंगची मोटर लोक घेणार नाहीत,’ असं विक्री विभाग म्हणत होता. पण ज्यांना खरं सांगितलं त्यांनी घेतली. त्यांना पाणी हवं होतं आणि फसवणूक नको होती.

दुसरा उपाय तपासणी डीलरच्या दारात नेण्याचा. निवडक डीलरांना आम्ही मेगर आणि टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) दिले आणि वापरायला शिकवलं. पाचशे व्होल्टचा मेगर मोटरीच्या वायरीला आणि बॉडीला लावला की इन्सुलेशन शाबूत आहे की गेलं, ते मिनिटभरात कळतं. यातून जे बाहेर आलं त्याची आम्ही कल्पना केली नव्हती. परत येणाऱ्या मोटरींपैकी बऱ्याच मोटरी मुळात ठीक होत्या. बिघडलेला होता तो केबलचा जॉइंट. सबमर्सिबलच्या वायरीला केबल जोडताना टेप नीट गुंडाळली गेली नाही की पाणी आत शिरतं, स्टार्टर ट्रिप होतो, आणि मेकॅनिक सांगतो, ‘मोटर गेली.’ मग ती मोटर सांगोल्याहून कोल्हापूरला यायची, आमच्या टेस्ट बेडवर व्यवस्थित चालायची, आणि तशीच परत जायची. आता डीलर आधी जॉइंट कापून मेगर लावतात. प्रत्येक नव्या मोटरीच्या खोक्यात जॉइंटचं चांगलं किट आणि चित्रांसह मराठी पत्रक जातं. हे पत्रक आम्ही ऑफिसात बसून लिहिलं नाही. मोटर काढणाऱ्या माणसांना बोलावलं, ते जॉइंट कसा करतात ते बघितलं, आणि त्यांच्याच क्रमानं चित्रं काढून घेतली.

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, पण लहान कारखान्यांचे हात इथेच सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून थोडं सांगते. वॉरंटीत फुकट बदललेल्या भागावर जीएसटी पुन्हा भरायचा का, आणि आपण घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, उलटवायचं (परत भरायचं) का, या शंकेपायी आमचे अकाउंटंट बदलीचे व्यवहार पुढे ढकलत असत. १७ जुलै २०२३ च्या १९५ क्रमांकाच्या परिपत्रकानं ही शंका मिटवली: ग्राहकाकडून वेगळे पैसे न घेता बदललेल्या सुट्या भागावर पुन्हा कर नाही, आणि उत्पादकानं क्रेडिट उलटवायची गरज नाही. संपूर्ण वस्तूच बदलली तर काय, तेही जून २०२४ च्या परिपत्रकानं स्पष्ट केलं. डीलरनं स्वतःच्या साठ्यातून बदली दिली आणि आम्ही नंतर त्याला भरपाई केली, या व्यवहारालाही त्यामुळे सरळ वाट मिळाली.

माल परत घेऊन क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) द्यायची असेल तर मात्र मुदत पाळावी लागते. ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती विवरणात दाखवली तरच कर कमी करून मिळतो. डीलरच्या माळ्यावर दोन-दोन वर्षं पडलेला परतीचा माल म्हणजे सरकारजमा झालेला कर असतो, हे मी डीलरांच्या बैठकीत सांगितलं तेव्हा अनेकांनी वह्या उघडल्या. ई-वे बिलाचंही, म्हणजे मालासोबत गाडीत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाचंही, तसंच. राज्याच्या आत एक लाखाच्या पुढे ते लागतं, पण आमचे काही डीलर अथणी आणि बेळगावकडचे. सीमा ओलांडली की मर्यादा पन्नास हजार. जळालेल्या मोटरीला किंमत ती काय, असं समजून गाडी भरली की वाटेत अडते. म्हणून आम्ही परतीच्या चलनाचा एकच छापील नमुना केला. त्यात मोटरीचा नंबर, विक्रीची तारीख, बोअरची खोली, केबलची लांबी आणि जाडी, लाईट दिवसाची की रात्रीची, हे रकाने ठेवले. नमुना नसेल तरी गेटवर माल अडवायचा नाही, हा नियम त्याच दिवशी लागू केला. माल आत येतो, कागद फोनवर पुरा होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणजे परत आलेली मोटर उघडणं. पूर्वी ती थेट वायंडिंगला जायची, जुनी तार ओढून काढली जायची आणि नवी भरली जायची. ती तार काय सांगते आहे ते वाचायला कुणाला वेळ नव्हता. आमच्या वायंडिंग विभागात एक मामा आहेत, आयुष्य त्याच कामात गेलेलं. मी त्यांना विनंती केली की हंगाम संपेपर्यंत तुम्ही तार भरू नका, फक्त मोटरी उघडा आणि मला सांगा. उत्पादन विभागानं कुरकुर केली, कारण हंगामात असा हात मोकळा ठेवणं जड जातं. मोठ्या साहेबांनी मात्र हो म्हटलं.

मामांच्या शेजारी उभं राहून मी जे शिकले ते मला कुठल्या वर्गात मिळालं नव्हतं. तिन्ही फेज सारख्याच काळ्या पडल्या असतील तर मोटरीवर भार जास्त होता किंवा व्होल्टेज कमी होतं. स्टार जोडणीत (तिन्ही फेजची टोकं एका जागी बांधलेली) दोन फेज काळ्या आणि एक कोरी असेल, किंवा डेल्टा जोडणीत (तिन्ही फेज त्रिकोणात जोडलेल्या) एक काळी आणि दोन शाबूत असतील, तर एक फेज गेली असताना मोटर चालत राहिली. एक फेज गेली की उरलेल्या दोन वायरींतून साधारण पावणेदोन पट करंट वाहतो, आणि संरक्षण नसेल तर वायंडिंग फार वेळ टिकत नाही. सगळी तार ताजी आणि एकाच ठिकाणी सुपारीएवढा डाग असेल, तर दोष आपल्याकडचा: तारेवर ओरखडा, किंवा खाचेत भरताना दाबली गेलेली वेटोळी. थ्रस्ट बेअरिंग उभं तडकलेलं असेल तर मोटर पाण्यानं नीट न भरता सोडली. झिजून गुळगुळीत झालं असेल तर वाळू.

वाळूवरून आमचा मोठा वाद झाला. सबमर्सिबल पंपांच्या आयएस ८०३४ या मानकात स्वच्छ, थंड पाणी गृहीत आहे, गढूळपणा ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) आत. त्यावर बोट ठेवून सर्व्हिस विभाग ‘वाळू, वॉरंटी नाही’ असा शिक्का मारत असे. कागदावर ते बरोबर आहे. पण नदीकाठच्या आणि ओढ्याकाठच्या बोअरला उन्हाळ्यात वाळू येणारच, आणि तिथेच आपला माल विकला जातो. शेतकऱ्याची चूक असं एकदा लिहिलं की विचार तिथे थांबतो. आम्ही त्या मोटरी गावांप्रमाणे लावून बघितल्या. ठरावीक पट्ट्यांतूनच त्या येत होत्या. मग त्या पट्ट्यांसाठी वाळू अडवणारा सँड गार्ड बदललेला, बुशचं रबर बदललेलं मॉडेल करून दिलं. डीलरला सांगितलं, या गावांत हेच द्या, थोडं महाग पडेल.

केबलचंही तसंच झालं. तिन्ही फेज काळ्या झालेल्या मोटरींच्या चलनावरचे रकाने एकत्र केले तेव्हा दिसलं की बोअर खोल आणि केबल बारीक, ही जोडी पुन्हा पुन्हा येते. स्टार्टरजवळ व्होल्टेज बरं दिसतं, पण मोटरीपर्यंत पोचेपर्यंत ते पडलेलं असतं. बारीक केबल स्वस्त म्हणून शेतकरी ती मागतो आणि दुकानदार देतो. त्यात दोघांनाही वावगं वाटत नाही, कारण फरक फक्त मोटरीला जाणवतो. आम्ही एचपी, खोली आणि केबलची जाडी यांचा तक्ता छापून प्रत्येक दुकानात लावला, आणि वॉरंटी कार्डावर केबलची जाडी लिहिणं सक्तीचं केलं.

एका हंगामात एकच डाग असलेल्या मोटरी लागोपाठ आल्या. नंबर जुळवायला गेलो तर नेमप्लेट पाण्यात घासून पुसलेल्या. तेव्हापासून नंबर स्टीलच्या बॉडीवरच कोरायला लागलो. ज्यांचे नंबर वाचता आले त्या एकाच आठवड्यात भरलेल्या निघाल्या, आणि त्या आठवड्यात वायंडिंग वायरचा एक नवा ड्रम उघडलेला होता. तार पुरवणाऱ्याला आम्ही कापलेले नमुने दाखवले. त्यानं मान्य केलं आणि भरपाई दिली. पूर्वी असा दोष कळायचाच नाही. त्याच ड्रममधून भरलेल्या, अजून न जळलेल्या मोटरींची यादी आमच्याकडे होती, आणि त्या डीलरांना आम्ही स्वतः फोन करून राखीव मोटरी पाठवल्या. मोटर जळायच्या आधी कंपनीचा फोन येतो, हे डीलरांनी पहिल्यांदाच पाहिलं.

याच कामातून आमचं फाउंड्रीशी नातंही बदललं. पंपाचे बोल (वाटीसारखे ओतीव भाग) आम्ही शिरोलीच्या एका फाउंड्रीतून ओतून घेतो. मशीनिंगमध्ये ब्लो-होल (हवेची छिद्रं) निघाले की कास्टिंग परत जातं आणि पुन्हा भट्टीत पडतं. बिडाचं हे बरं असतं, वितळवलं की पुन्हा नवं. पण आमचं मशीनिंग वाया गेलेलं असतं आणि गाडीही. पूर्वी फक्त वजन लिहून परत पाठवत होतो, किलोला किलो. आता प्रत्येक नगावर खडूनं दोषाची जागा दाखवून पाठवतो. सगळे ब्लो-होल एकाच बाजूला येत असतील तर फाउंड्रीवाल्याला हवा बाहेर जायची वाट तपासता येते. वजनाच्या पावतीवरून त्याला काही कळायची सोय नव्हती.

भंगाराबद्दल माझं मत कडक आहे. ज्या मोटरी दुरुस्त होत नाहीत त्या आम्ही पूर्वी ढिगानं, आहे तशा विकत होतो. तांबं, स्टीलची बॉडी, शाफ्ट, स्टॅम्पिंग, सगळं एका भावात. आता त्या उघडून वेगळं करतो. तांब्यावरचं प्लास्टिक जाळायचं नाही, सोलून काढायचं, हे सक्तीचं आहे. जाळलं की धूर आजूबाजूच्या वस्तीत जातो आणि तांब्याचा भावही पडतो. स्टेटरचा गाभा आणि शाफ्ट तपासून दुरुस्तीला वापरतो. आणि नेमप्लेट, कोरलेला नंबर कापल्याशिवाय एकही बॉडी गेटबाहेर जात नाही. आमच्या जुन्या बॉडीत भलतीच मोटर भरून, आमच्याच नावानं विकलेला माल एकदा वॉरंटीला परत आला होता. शेतकऱ्यानं पावतीसुद्धा दाखवली. त्या माणसाला आपण काय सांगणार?

गाड्यांचा प्रश्न शेवटी सुटला. आमच्या गाड्या माल घेऊन भरून जातात, पण परतताना ट्रान्सपोर्टवाला दुसरा माल शोधतो आणि पाण्यानं ओल्या, काळ्या मोटरी चढवायला नाखूश असतो. त्याच्या बाजूनं ते बरोबर आहे, धान्याच्या पोत्यांशेजारी कोण ठेवील? आम्ही ठरावीक वारी ठरावीक मार्ग बांधला, पत्र्याच्या झाकणाचे परत येणारे क्रेट करून दिले, आणि परतीच्या प्रत्येक क्रेटचं भाडं आधीच ठरवलं. सांगोला-आटपाडी-जतची गाडी आता आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी फिरते. डीलरला मोटरी साठवत बसावं लागत नाही.

या सगळ्यानं पैशाचं काय झालं, हे लोक मला विचारतात. परतीच्या खात्यात खर्च पहिल्या वर्षी वाढलेला दिसला, कारण तो पहिल्यांदाच एका जागी आला. मोठ्या साहेबांना मी हे आधीच सांगून ठेवलं होतं. येणी मात्र मोकळी व्हायला लागली, आणि कॅश क्रेडिटचा वापर खाली आला. आमचे सीए लेखा मानक २९ प्रमाणे वॉरंटीची तरतूद करायला, म्हणजे पुढे येणारा खर्च हिशोबात आधीच धरायला, सांगत असत, पण आधार म्हणून दाखवायला अनुभवाचे आकडे नव्हते. आता मॉडेलप्रमाणे, तालुक्याप्रमाणे आहेत. त्या आकड्यांवरून एक मॉडेल आम्ही बंद केलं. विक्रीत ते वरच्या क्रमांकावर होतं, पण परतीचा खर्च वजा केला की प्रत्येक नगामागे तोटा होता. विक्री विभागाला ते फार लागलं.

सौर पंपांमुळे हा विषय आता आणखी मोठा होतोय. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेत आणि राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत पुरवठादारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. डीलर मध्ये राहत नाही, शेतकरी थेट तक्रार करतो, आणि पंपासोबत कंट्रोलरही (पंप चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) परत येतो. मोटरीसाठी केलेली आमची व्यवस्था कंट्रोलरला जशीच्या तशी लागू पडत नाही. तो डीलरच्या दारात उघडता येत नाही, आणि पावसाळ्यात वीज पडून जळालेला कंट्रोलर विम्यात जातो की वॉरंटीत, यावर प्रत्येक वेळी वेगळी चर्चा होते. त्यावर काम चालू आहे.

एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकत आली. या सगळ्या साखळीतला सगळ्यात मोठा परतीचा खर्च आमच्या खातेवहीत कधी आलाच नाही. तो म्हणजे बोअरमधून मोटर वर काढायचा आणि पुन्हा सोडायचा खर्च. दोष आमच्या तारेचा असला तरी तो शेतकऱ्यानंच भरायचा, हीच या धंद्यातली रीत. ज्या मोटरीत दोष कारखान्याचा आहे असं मामांच्या तपासणीत ठरेल, तिच्या काढण्या-सोडण्याचा खर्च कंपनीनं द्यावा, असा प्रस्ताव मी मांडला. खोलीप्रमाणे दर ठरवले, डीलरनं जागेवर रोख द्यायचे आणि आम्ही डीलरला क्रेडिट द्यायचं. मोठ्या साहेबांनी निम्म्या खर्चाला मंजुरी दिली आहे, येत्या फेब्रुवारीपासून, आधी सांगोला, आटपाडी आणि जत या तीन तालुक्यांत. उरलेल्या निम्म्यासाठी मी या हंगामाचे आकडे ठेवणार आहे.